पुढचं दार

पावणेचारला फोन आला. पत्ता म्हणून नुसतं शेताचं नाव
आणि "फाटकानंतर डावीकडे वळू नका, तिकडे ओढा आहे."
व्हॅनमध्ये प्लायवूडच्या तीन फळ्या, स्क्रूंचा डबा,
ड्रिल, आणि गुडघ्यातली जुनी कळ.
पोचेपर्यंत अंधारलं. नोव्हेंबरात इथे दुपारच नसते.

वेल्सच्या या डोंगरात एकोणीस वर्षं हेच करतोय.
वारा, चोर, बैल, नवरे:
कुणी दार फोडलं ते मला भेगेवरून कळतं.
वारा बिजागरीत शिरतो.
नवरा कुलपापाशी, एकाच लाथेत.
बैलाचं काही सांगता येत नाही.

हे अग्निशमनवाल्यांनी फोडलं होतं.
नीट, शिस्तीत, तीन घाव,
आणि चौकटीची एक बाही उपटून अंगणात.
त्याआधी जिन्याच्या खिडकीची काच.

नेस्ता प्यू, वय सत्याऐंशी,
मंगळवारपासून स्वयंपाकघराच्या फरशीवर. आज गुरुवार.
टपालवाल्या मेरेरिडनं पत्राच्या फटीतून वाकून पाहिलं
तर बोळाच्या टोकाला एक सपात,
सपातेत पाय.
स्ट्रेचरवरून म्हातारी म्हणे त्या पोरांना म्हणाली,
"बूट पुसून आलात का?"

मी माप घेतलं.
दारावर रंगाचे इतके थर
की ते चौकटीला धरून भिंतच झालं होतं.
इकडे पुढच्या दारानं कोणी येत नाही.
पुढच्या दारानं पाद्री येतो आणि पेटी जाते.
तिच्या नवऱ्याची गेली त्र्याण्णव साली,
बहुतेक त्यानंतर आजच उघडलं.
बाकी सगळं, कोळसा, शेजारी, आजारी कोकरं,
मागून.

चौदा स्क्रू. खिडकीला आठ.
मग आतून पाहावं म्हणून घराला वळसा घातला
आणि मागच्या दाराच्या कडीवर हात ठेवला.

उघडंच होतं.

कुलूप नव्हतंच कधी. कुलपाच्या जागी भोक,
भोकात वारा अडवायला कोंबलेली लोकर.

ती पोरं किनाऱ्यावरच्या शहरातली,
मेरेरिड या फेरीवर एप्रिलपासूनची.
आणि वळसा म्हणजे चिखलातून चाळीस पावलं.
फरशीवर माणूस दिसत असताना
चाळीस पावलं कोण मोजतं?
मी तरी मोजली असती का? माझ्या हातात तर कायम हत्यार असतं.

स्वयंपाकघरात दिवा तसाच जळत होता.
टेबलक्लॉथ ओढून तिनं अंगावर घेतला होता,
त्याबरोबर साखरेचं भांडं खाली आलेलं.
सांडलेल्या साखरेत ओल्या बोटाचे गोल, एकाला एक लागून.
दोन दिवस ती तेवढ्यावर होती.
मी मोजायला लागलो आणि सोडून दिलं.

पुतण्याला फोन केला. तो बर्मिंगहॅमला असतो.
म्हणाला, सगळं बंद करा, खर्चाचं बघू नका.
मग जरा थांबून,
"तिथे एक मांजर होतं. अजून आहे का?"
मी म्हटलं, दिसलं नाही.
चुलीमागून ते माझ्याकडेच बघत होतं,
पण तोवर त्यानं फोन ठेवला होता.

साखर झाडली नाही. बशीत थोडं दूध ओतलं.
पुन्हा पुढे गेलो आणि लावलेल्या फळीत,
कमरेच्या उंचीवर, हातकरवतीनं फट कापली.
दहा इंच लांब, दोन इंच रुंद.
कामाच्या कागदावर ती नाही. तिचे पैसेही नाहीत.
कडा पॉलिशकागदानं घासल्या,
पत्र घालताना कुणाचं बोट सोलू नये.
मग गुडघा सावरत वाकून पाहिलं:
बोळ, बोळाच्या टोकाला दिवा,
दिव्याखाली ती सपात.

कागदावर शेवटचा प्रश्न असतो:
सर्व प्रवेशमार्ग सुरक्षित केले?
बॉनेटवर कागद ठेवून 'हो'वर खूण केली,
सही केली, वेळ टाकली,
आणि मागचं दार होतं तसं
नुसत्या कडीवर ठेवून उतरणीला लागलो.
फाटकापाशी डावीकडे वळलो नाही.